शून्य लिहिलेला रकाना

कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनच्या आजाराची, पहिली खूण मला वहीत दिसली. 32 वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात घालवली होती. आकडे काढायला हाताला सांगावं लागत नसे. पण रकान्याच्या वरच्या टोकाला ठसठशीत असलेले आकडे खाली येता येता बारीक व्हायला लागले. बेरजेपर्यंत पोचेस्तोवर मुंगीएवढे. सही जुळत नाही म्हणून बँकेने एक कागद परत पाठवला, तेव्हा मी बँकेवरच चिडले. थरथर सहा-सात महिन्यांनी आली, तीही उजव्या अंगठ्यात, दोन बोटांत गोळी वळत असल्यासारखी. डॉक्टर मात्र अंगठ्याकडे फारसं न बघता मला खोलीभर चालायला लावत होते. "चालताना तुमचा उजवा हात हलतच नाही," ते म्हणाले. मला याचा पत्ताच नव्हता.

पुढचं सगळं या दोन गोष्टींमुळे घडलं, हा आजार आणि हिशेब तपासायची खोड. संशोधनाला पैसे देणाऱ्या एका संस्थेच्या छाननी समितीवर मी तीन वर्षं बसले, कंपवात असलेली व्यक्ती म्हणून. तिथे काय चालतं, हे आमच्यातल्या फार कमी जणांना ठाऊक असतं. मलाही नव्हतं.

सुरुवात मदतगटापासून झाली. मुलीने ओढत नेलं. मला जायचं नव्हतं, कारण त्या खोलीत शिरलं की दहा वर्षांनंतरची मी दिसणार याची खात्री होती. आणि दिसलीच. एक गृहस्थ खुर्चीत बसल्या बसल्या सारखे डोलत होते, मान एकीकडे, खांदा दुसरीकडे. मला वाटलं, हा आजार. नंतर कळलं की तो आजार नसून वर्षानुवर्षं घेतलेल्या लेव्होडोपाचा, म्हणजे कंपवातावरच्या मुख्य औषधाचा परिणाम, डिस्किनेशिया. त्यांनीच माझा चेहरा वाचला असावा. म्हणाले, "घाबरू नका हो. मी हलतोय म्हणजे गोळी चढलीय असं समजा. गप्प बसलेला दिसलो तर मदतीला या."

या गटात कुणाला रुग्ण म्हणत नाहीत. आजार झालेला तो शुभार्थी, त्याला सांभाळणारा शुभंकर. मला हे शब्द सुरुवातीला जरा जास्तच गोड वाटले होते. वर्षभरात माझ्याच तोंडी बसले, कारण 'रुग्ण' म्हटलं की डॉक्टरची खोली डोळ्यांपुढे येते आणि आमचा बहुतेक आजार त्या खोलीबाहेर घडतो. दारात पाय जमिनीला चिकटले तर समोर एक रेघ आहे असं समजून ती ओलांडायची. मागे वळायचं तर जागच्या जागी गर्रकन न वळता मोठा अर्धगोल घ्यायचा. गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, कारण प्रथिनं आणि लेव्होडोपा एकाच दारातून आत जायला बघतात आणि दारात रेटारेटी होते. कूस बदलायला चादर गुळगुळीत हवी. हे सगळं मला त्या खोलीत कळलं.

गटात आवाजाचा वर्गही होता. कंपवातात आवाज खाली जातो आणि ज्याचा जातो त्याला ते कळत नाही, ही त्यातली गंमत. घरचे सारखे "काय?" विचारतात आणि आपल्याला वाटतं यांचे कान गेले. आमची थेरपिस्ट समोर आवाज मोजायचं यंत्र ठेवायची. मी म्हणायची, "मी आता ओरडतेय, बरं का." यंत्रावरचा काटा जागचा हलायचा नाही. मला किंचाळल्यासारखं वाटेल इतक्या जोराने 'आऽऽ' केलं, तेव्हा कुठे तो साध्या बोलण्याच्या खुणेपर्यंत गेला. शेजारी बसलेल्या नवऱ्याने त्या दिवशी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा "काय?" विचारलं नाही.

असा वर्ग चालवायचा तर शिकलेलं माणूस लागतं, आणि माणसाला पैसे. गट दरवर्षी 11 एप्रिलला, म्हणजे जागतिक पार्किन्सन दिनी, चालण्याचा कार्यक्रम करतो आणि देणग्या गोळा करतो. मी गेल्यावर वर्षभरातच मला खजिनदार करण्यात आलं. (हिशेब येणाऱ्या माणसाने कुठल्याही गटात आपला व्यवसाय सांगू नये.) त्या वर्षी पैशांवरून भांडण पेटलं. चाळिशीत निदान झालेला एक जण म्हणाला, "मला आवाजाचे वर्ग नकोत. मला अजून तीस वर्षं काढायचीत. सगळे पैसे संशोधनाला द्या." त्यावर कोपऱ्यातून एक आजीबाई, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुझं औषध येईस्तोवर मला नातवाशी फोनवर बोलायचंय रे."

दोघांचंही खरं होतं. आजवर कंपवाताची वाढ रोखणारं किंवा मंदावणारं म्हणून सिद्ध झालेलं एकही औषध नाही. आहेत ती लक्षणं आवरणारी. तीस वर्षं काढायची असणाऱ्याला हे झोपू देत नाही. मी खजिनदाराला शोभेल असा तोडगा काढला, निम्मे-निम्मे. त्यामुळे दोघंही नाराज झाले.

मग सवयीने मी त्या संस्थेला पत्र लिहिलं, आमच्या निम्म्या पैशांचं नेमकं काय होणार ते कळवा. उत्तरात आभार होते, आणि एक प्रश्न होता. अर्जांच्या छाननीत भाग घ्याल का?

जेम्स पार्किन्सनने 1817 मध्ये या आजारावर निबंध लिहिला, तो सहा माणसांवर. त्यांतले तिघे तर त्याला रस्त्यावर दिसलेले. एकाला त्याने नुसतं लांबून पाहिलेलं. ना अर्ज, ना निधी, ना समिती. आज तसं चालणार नाही, आणि चालू नयेच. पण पहिल्याच पाकिटातून 14 अर्ज बाहेर निघाले तेव्हा मला त्या माणसाचा हेवा वाटला.

त्याआधी गोपनीयतेच्या करारावर सही, मग हितसंबंध जाहीर करायचा फॉर्म, मग एक दिवसाचं प्रशिक्षण. आम्ही चौघं होतो, तीन शुभार्थी आणि एक शुभंकर. विज्ञान बरोबर आहे का, हे तपासायला वेगळे तज्ज्ञ असतात, त्याची काळजी तुम्ही करू नका, असं आम्हाला बजावण्यात आलं. आम्ही पाहायचं ते एवढंच, की हा प्रश्न कंपवात असलेल्यांच्या कामाचा आहे का, भाग घेणाऱ्यांवर पडणारा भार झेपण्यासारखा आहे का आणि सोप्या भाषेतला सारांश खरोखर सोपा आहे का. प्रत्येकाला 1 ते 10 गुण आणि खाली शेरा.

सारांशांबद्दल थोडक्यात. बहुतेक सगळे सारांश कंपवात किती भयंकर आहे हे सांगून सुरू होतात, जणू वाचणारीला कल्पना नाही. मग दुसऱ्या परिच्छेदात अल्फा-सिन्युक्लिन येतं. हे प्रथिन आमच्या मेंदूतल्या पेशींत चुकीच्या घडीने दुमडून गोळा होतं, हे 1997 पासून ठाऊक आहे. एका अर्जात हे दोन ओळींत समजावलेलं होतं, बाकीच्यांनी ते समजावण्यासाठी त्याहून अवघड पाच शब्द वापरले होते. त्यांना मी 4 दिले.

वाचायचं कामही गोळीच्या वेळापत्रकावर. गोळी घेतली की पाऊण तासाने अंग मोकळं होतं, मग दोन-अडीच तास मी माणसात असते. याला आम्ही 'ऑन' म्हणतो. त्यानंतर ओसरती सुरू. ओसरतीत वाचलं तर सगळेच अर्ज वाईट वाटतात, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं आणि पहिल्या दिवशीचे तीन मी पुन्हा वाचले. शेरे आधी हाताने लिहायची. दोन शेऱ्यांनंतर अक्षर इतकं आकसलं की मलाच भिंग लागलं. मग मुलीला सांगून टंकून घेतले.

नववा अर्ज चालण्याबद्दलचा होता. पाय का गोठतात, त्या क्षणी मेंदूत आणि स्नायूंत काय होतं, हे अंगावर सेन्सर लावून मोजायचं. मला तो मनापासून आवडला. गटात पडून मनगट किंवा खुबा मोडलेली किती माणसं आहेत, मला माहीत होतं. ब्रिटनमध्ये 2014 साली शुभार्थी, त्यांचे नातलग आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून संशोधनाने आधी कशाला हात घालावा याची यादी केली गेली, तेव्हा पहिला क्रमांक तोल जाणं आणि पडणं यालाच मिळाला होता. चिंता, झोप, हाताची बारीक कामं, लघवीच्या तक्रारी, हेही त्या पहिल्या दहात होतं. थरथर, जिच्यावरून जग आम्हाला ओळखतं, ती त्या दहात स्वतंत्रपणे नव्हतीच. तर, मी 9 लिहायला घेतले होते. आणि कार्यपद्धतीच्या तिसऱ्या पानावर एक वाक्य आलं. सहभागी व्यक्ती रात्रभर औषध बंद ठेवून सकाळी केंद्रावर हजर राहतील.

शास्त्रीयदृष्ट्या यात काही चूक नाही. गोळीच्या अमलाखाली आजार झाकला जातो. तो मोजायचा तर 12 तास औषध थांबवून 'ऑफ' अवस्थेत मोजतात, अशी रूढ पद्धत आहे. पण ते वाक्य लिहिणाऱ्याने ती रात्र पाहिलेली नव्हती. मी पाहिली होती, एका तपासणीसाठी. रात्री दोननंतर कूस बदलता येत नाही. पांघरूण पायावरून सरकलं तर ते सरकलेलंच राहतं. पहाटे बाथरूमला जायचं तर उठून बसण्यालाच वीस मिनिटं. उजव्या पायाचा अंगठा आपोआप वर वळतो आणि पोटरी दगडासारखी होते, तिला नाव डिस्टोनिया, पण त्या वेळी नाव आठवत नाही. सकाळी नवऱ्याने माझ्या अंगरख्याची बटणं लावली. सहाच बटणं. तो खाली बघून लावत होता आणि मी भिंतीकडे बघत होते. तोंडातून लाळ आली तर ती पुसायलाही हात वेळेवर वर गेला नाही. आणि अशा अवस्थेत मी हजर राहणार. कशाने? गाडी कोण चालवणार? जिन्याचं काय? एकटं राहणाऱ्याने काय करायचं?

मग मी ते केलं जे आयुष्यभर केलं होतं. अंदाजपत्रक उघडलं. सेन्सर, सॉफ्टवेअर, दोन संशोधकांचे पगार, परिषदांसाठी प्रवास. सगळं चोख मांडलेलं. त्याखाली एक ओळ होती, 'सहभागींचा व सोबतच्या व्यक्तीचा प्रवास'. समोर शून्य.

हिशेबात शून्य दोन प्रकारचं असतं. खर्च नाही म्हणून लिहिलेलं, आणि खर्च दुसऱ्याच्या खिशातून जाणार म्हणून लिहिलेलं. दुसऱ्या प्रकारचं शून्य पकडण्याचेच मला पगार मिळत होते. मी 5 गुण दिले आणि दीड पान शेरा. प्रश्न उत्तम, पण माणसं येणार नाहीत. आलीच तर ज्यांना घरी कुणी आहे, ज्यांचा आजार सौम्य आहे, तेवढीच येतील, आणि तुम्ही ज्यांचे पाय गोठतात त्यांचा अभ्यास करायला निघालात. दारात गाडी, आदल्या रात्री मुक्कामाची सोय, सोबतीच्या माणसाचा खर्च आणि मोजमाप संपल्याक्षणी गोळी, या चार गोष्टी अंदाजपत्रकात दाखवा.

बैठकीत माझा आवाज पुरेल की नाही याचीच धास्ती जास्त होती. गोळीची वेळ साधून गेले होते तरी घशाने दगा दिला. पहिल्या वाक्याला टेबलाच्या टोकाचे दोघं कानामागे हात नेऊन पुढे झुकले. मी थांबले, वर्गातल्यासारखा पोटातून श्वास घेतला आणि किंचाळते आहे असं वाटेल इतक्या जोरात बोलले. कुणी दचकलं नाही. म्हणजे बरोबर पातळीला बोलले. आमच्या निम्म्या पैशांतला वर्ग असा संशोधनाच्या टेबलावर कामी आला, हे मी गटात परत जाऊन दोन्ही पक्षांना सांगितलं. तरुण हसला. आजीबाईंनी "बघ!" म्हटलं, आणि ते चक्क ऐकू आलं.

माझंच म्हणणं दर वेळी बरोबर होतं असं मात्र नाही. उंदरांवरच्या अर्जांना मी सरसकट 3 नाही तर 4 द्यायची. 'शुभार्थीच्या कामाचा?' या रकान्यात मला काही सुचायचंच नाही. एका बैठकीत चहापानाच्या सुट्टीत एक वयस्क शास्त्रज्ञ माझ्या बाजूला येऊन बसले आणि त्यांनी सशांची गोष्ट सांगितली. 1957 मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं, ससे लुळे पडले. मग त्यांना एल-डोपा, म्हणजे आपलं लेव्होडोपाच, टोचलं आणि ते थोड्याच वेळात उठून हालचाल करू लागले. 1960 मध्ये व्हिएन्नात हॉर्निकिविच यांनी कंपवाताने गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले, त्यांत डोपामिन, म्हणजे हालचालीला लागणारं मेंदूतलं रसायन, जे एल-डोपापासून बनतं, खूपच कमी सापडलं. पुढच्याच वर्षी तिथे रुग्णांना एल-डोपाची इंजेक्शनं दिली गेली. 1967 मध्ये अमेरिकेत कोट्झियास यांनी ते तोंडाने, हळूहळू मात्रा वाढवत देण्याची रीत बसवली. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं. "तुमच्या पर्समध्ये जी डबी आहे ना," ते म्हणाले, "ती त्या सशांपासून आलीय. 1957 मध्ये तुमच्यासारख्या कुणी त्या अर्जाला किती गुण दिले असते?"

3, मी म्हटलं.

तेव्हापासून मी प्राण्यांवरच्या अर्जांत वेगळं शोधू लागले, हा उंदीर माझ्याशी कुठे जोडला जातो हे लिहिणाऱ्याला तरी ठाऊक आहे का. ज्याला ठाऊक असतं त्याला ते एका वाक्यात सांगता येतं.

खोट्या औषधावरूनही माझं असंच झालं. अर्ध्या लोकांना औषध आणि अर्ध्यांना नुसती गोळी, हे मला अन्यायाचं वाटायचं. आधीच बिचारे आशेवर जगतात. मग कळलं की आमच्याच आजारात ही आशा फार मोठा घोळ घालते. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या संशोधकांनी 2001 मध्ये मेंदूचे स्कॅन करून दाखवलं की आपल्याला औषध मिळतंय या नुसत्या अपेक्षेने कंपवात असलेल्यांच्या मेंदूत खरंखुरं डोपामिन सुटतं. म्हणजे खोट्या गोळीने आलेला फरक मनाचा खेळ म्हणून उडवून देता येत नाही. तोही त्याच रसायनाचा. मग खऱ्या औषधाने काय केलं हे ताडून बघायचं कशाशी? मी तो आक्षेप मागे घेतला. त्याऐवजी दुसरा धरला, आणि अजून सोडलेला नाही. प्रयोग संपल्यावर तुम्ही कुठल्या गटात होता आणि निकाल काय लागला, हे भाग घेणाऱ्याला कुणी आणि कधी सांगणार, ते अर्जातच लिहा. वर्तमानपत्रातून कळू देऊ नका.

2025 च्या सुरुवातीला एक्झेनाटाइडचा निकाल आला. मधुमेहाचं हे औषध 2017 च्या लहानशा अभ्यासात आशादायक वाटलं होतं. आमच्या गटात त्याचं नाव मंत्रासारखं घेतलं जायचं. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात 194 जणांनी 96 आठवडे ते किंवा खोटं इंजेक्शन घेतलं आणि दोहोंत फरक निघाला नाही. त्या महिन्याच्या बैठकीला तो चाळिशीतला तरुण आलाच नाही. मी फोन केला. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "194 जण, प्रत्येकाची जवळजवळ दोन वर्षं. त्यांना कुणी थँक यू तरी म्हटलं असेल ना, ताई?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या बैठकीला तो आला, पण संशोधनाचा विषय काढला नाही. आवाजाच्या वर्गात जाऊन बसला.

चालण्याच्या त्या अर्जाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. पहिल्या फेरीत नामंजूर. सहा महिन्यांनी तो पुन्हा आला. गाडी होती, मुक्काम होता, सोबतीचा खर्च होता, मोजमाप संपताच गोळी होती. त्यासाठी सेन्सरांचा एक संच कमी केला होता. संशोधिकेने आमच्यासारख्याच एका गटात दोन दुपारी बसून कार्यपद्धती लिहिल्याचंही नोंदवलं होतं. मी 9 दिले. मंजूर झाला.

मग माणसं हवीत म्हणून त्यांचं पत्र आमच्याच गटात आलं. माझेही पाय आता दारात गोठतात, मी अगदी त्यांना हवी तशी. पण ज्या अर्जाला गुण दिले त्यात भाग घेता येत नाही. हितसंबंधांच्या फॉर्मवर माझीच सही होती, मुंगीएवढी. आमच्यातले तिघं गेले, त्यांत डोलणारे गृहस्थही. परत आल्यावर मी त्यांना घरी जाऊन गाठलं.

"गाडी आली?"

"सांगितल्या वेळेला. चालक हात धरून खाली घेऊन गेला."

"गोळी?"

"शेवटचं पाऊल टाकलं आणि मुलगी पाण्याचा पेला घेऊन उभीच."

"मग सगळं नीट झालं म्हणायचं."

ते जरा थांबले. "एक आहे. बाहेर बसायला दिलेल्या खुर्च्यांना हात नव्हते. आम्ही तिघंही गोळीवाचून. बसलो खरे, पण उठणार कशाचा आधार घेऊन?"

मी पिशवीतून वही काढली.